विश्लेषण : आकाशगंगा जिंकली, तरी गेम संपेना... ‘स्टेलारिस’चा उत्तरार्ध का रखडतो?

स्वीडनमधील पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओचा ‘स्टेलारिस’ हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा गेम ९ मे २०१६ रोजी बाजारात आला. तो आजही खेळला जातो, त्यावर नवनवी पूरक पॅकेजेस निघतात आणि विकलीही जातात. मात्र त्याच्याविषयीची एक तक्रार सुरुवातीपासून आजतागायत कायम आहे. हा गेम पहिले काही तास जागेवरून उठू देत नाही आणि शेवटचे काही तास जागेवर बसू देत नाही. आठवडाभराच्या रात्री खर्च करून उभे केलेले साम्राज्य शेवटाला न नेताच सोडून देणारे आणि लगेच नवा डाव मांडणारे खेळाडू सर्रास आढळतात. असे का होते? आणि इतक्या वर्षांत, इतक्या दुरुस्त्या होऊनही ते का सुटले नाही?

हा गेम नेमका काय आहे?

साल २२००, तारीख १ जानेवारी. एका प्रजातीला प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास करण्याचे तंत्र नुकतेच गवसले आहे. हाताशी एकच ग्रह, एक संशोधन जहाज, एक बांधकाम जहाज आणि मूठभर लहान युद्धनौका. भोवती पसरलेली आकाशगंगा. लहानात लहान निवडली तर २०० ताऱ्यांची, मोठ्यात मोठी निवडली तर १००० ताऱ्यांची. प्रजाती कशी असावी हे खेळाडूच ठरवतो. शांतताप्रिय लोकशाही, कट्टर धर्मसत्ता, सगळ्यांचे मिळून एकच मन असलेला कीटकसमूह किंवा आपल्या निर्मात्यांना गमावून बसलेले यंत्रमानव, काहीही चालते. बुद्धिबळासारखी इथे आळीपाळीने चाल नसते. दिवस आपोआप पुढे सरकतात, हवे तेव्हा थांबवता येतात आणि वेग कमी-जास्त करता येतो.

या प्रकारच्या गेमना ‘फोर-एक्स’ म्हणतात. ‘कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या अमेरिकी मासिकात १९९३ मध्ये अॅलन एम्रिच यांनी ‘मास्टर ऑफ ओरायन’ या गेमबद्दल लिहिताना हा शब्द वापरला आणि तो रुळला. त्यातले चार शब्द मराठीत सांगायचे तर शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा. ‘स्टेलारिस’चे दुखणे याच क्रमात दडलेले आहे. पहिल्या दोन क्रियापदांत मजा आहे. उरलेल्या दोन क्रियापदांत काम आहे.

सुरुवात इतकी का रंगते?

कारण काहीच माहीत नसते. संशोधन जहाज एकेका ताऱ्याभोवती फिरते आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी सापडू शकते. एखाद्या ग्रहाच्या पोटात गाडलेले शहर, लाखो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या संस्कृतीचा एखादा अवशेष किंवा रडारवर पहिल्यांदाच उमटलेला अनोळखी ठिपका. तो मित्र की शत्रू, हे कळायला काही महिने जातात. लुप्त संस्कृतींच्या कथा तुकड्यातुकड्यांनी उलगडतात आणि हे लेखन खरोखरच चांगले आहे. विज्ञानकथा वाचणाऱ्याला हा गेम धरून ठेवतो तो इथे. कंपनीलाही याची जाण असावी, कारण गेमच्या सुरुवातीच्या अनेक मोठ्या अपडेटना क्लार्क, असिमोव्ह, चापेक, ले ग्विन, लेम अशा विज्ञानकथाकारांचीच नावे दिली गेली.

या टप्प्यात प्रत्येक निर्णयाला वजन असते. खनिज थोडे असते. त्यातून जहाज बांधायचे की दुसऱ्या ग्रहावर वसाहत करायची? शेजाऱ्याच्या आधी अरुंद खिंडीसारखी मोक्याची तारामाला ताब्यात घ्यायची की संशोधनाला पैसा लावायचा? चुकले तर पुढची वीस वर्षे भोगावे लागते.

पण शोधण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात. पहिल्या पन्नास-साठ वर्षांत बहुतेक डावांत नकाशा भरतो, सीमा एकमेकींना भिडतात, जवळपासचे सारे तारे पाहून होतात. त्यानंतरही डाव उरतोच, आणि तो थोडाथोडका नसतो. गेमच्या मूळ मांडणीत २३०० पासून मध्यपर्व, २४०० पासून अखेरपर्व आणि २५०० हे निकालाचे वर्ष आहे. म्हणजे तीनशे वर्षांच्या डावात कुतूहलाचा भाग जेमतेम पहिल्या पाचव्या हिश्शात संपतो.

मग बिघडते कुठे?

निर्णयांची संख्या वाढते आणि प्रत्येक निर्णयाची किंमत घटते. पहिली वसाहत ही घटना असते. चाळिसावी वसाहत म्हणजे एक क्लिक. स्क्रीनच्या वरच्या कडेला सूचनांची रांग लागते. इथे बेरोजगारी, तिथे घरांची टंचाई, अमुक ग्रहावर इमारतीसाठी जागा मोकळी, तमुक शास्त्रज्ञाचा मृत्यू. यातली कोणतीही सूचना दुर्लक्षिली तरी साम्राज्य बुडत नाही. पण सगळ्याच दुर्लक्षिल्या तर हळूहळू गळती लागते. त्यामुळे सम्राटाच्या खुर्चीत बसलेला खेळाडू प्रत्यक्षात नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याचे काम करू लागतो, आणि तेही एकाच वेळी पन्नास नगरपालिकांच्या.

युद्धाचेही तसेच. शत्रूचा मुख्य आरमारी ताफा एका मोठ्या लढाईत बुडाला की युद्धाचा निकाल लागलेला असतो. पण ते युद्ध संपत नाही. त्यानंतर एकेक तळ घ्यायचा, एकेका ग्रहावर बॉम्बफेक करून सैन्य उतरवायचे, ते सैन्य पुन्हा जहाजात चढवून पुढच्या ग्रहाकडे न्यायचे. जमिनीवरच्या लढाईत खेळाडूला ठरवण्यासारखे फारसे काही नसते. ज्याचे सैन्य जास्त, तो जिंकतो. आणि एवढे करून युद्ध जिंकले की बक्षीस काय, तर शत्रूने वेड्यावाकड्या बांधून ठेवलेले वीस-पंचवीस ग्रह. त्यांची घडी बसवणे हे नवे काम. विजयाने कामाचा डोंगर वाढणे, ही या गेमच्या उत्तरार्धातली सर्वात विचित्र गोष्ट आहे.

यावर ‘कारभार दुसऱ्यावर सोपवा’ हा उपाय सुचतो. ‘स्टेलारिस’ने तो पहिल्याच दिवसापासून केला होता. २०१६ च्या आवृत्तीत थेट सांभाळता येणाऱ्या ग्रहांवर मर्यादा होती. बाकीचे ग्रह ‘सेक्टर’ करून कम्प्युटरच्या हाती द्यावे लागत. कम्प्युटर तिथे अशी बांधकामे करी की, खेळाडूंचा संताप होई. पुढे ही सक्ती गेली, ग्रहांच्या कारभारासाठी स्वयंचलित व्यवस्था ऐच्छिक झाली आणि वेळोवेळी सुधारलीही. तरी जाणता खेळाडू तिच्यावर पूर्ण विसंबत नाही. या वाटेवर दुसरीकडेही खड्डा आहे. २००३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन ३’ने ग्रहांचा कारभार मोठ्या प्रमाणावर कम्प्युटरच्या सुभेदारांकडे दिला. तेव्हा तक्रार उलटी आली. गेम स्वतःच स्वतःला खेळतो, मग माणसाने काय करायचे? काम नको, पण निर्णय हवेत. आणि या गेममध्ये ही दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की, एक काढले की दुसरेही निघून जाते.

प्रतिस्पर्धी काय करत असतात?

मागे पडत असतात. ज्याच्याकडे जास्त ग्रह, त्याचे संशोधन जास्त. ज्याचे संशोधन जास्त, त्याची जहाजे चांगली. ज्याची जहाजे चांगली, त्याच्याकडे आणखी ग्रह. सुट्टीत ‘व्यापार’ खेळलेल्या कुणालाही हे चक्र ओळखीचे वाटेल. एकाच्या घरांची आणि हॉटेलांची रांग लागली की उरलेले फक्त फासे टाकतात आणि भाडे भरतात. निकाल कळलेला असतो, डाव मात्र तासभर चालतो. ‘स्टेलारिस’मध्ये तो तासभर नव्हे, कित्येक संध्याकाळी चालतो.

कम्प्युटरच्या हाती असलेली साम्राज्ये या चक्रात माणसाइतकी चलाख नसतात. काठिण्यपातळी वाढवली म्हणून ती हुशार होत नाहीत. त्यांना उत्पादनात वाढीव टक्के मिळतात, एवढेच. त्याचा परिणाम असा की, सर्वात कठीण पातळीवर सुरुवात जीवघेणी होते, पण ती निभावली की पुढे पुन्हा तेच सपाट माळरान. ही विषमता ओळखून काळाबरोबर वाढत जाणाऱ्या सवलतीचा पर्यायही गेममध्ये देण्यात आला. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सुरुवातीला कमी आणि अखेरीस जास्त मदत. याने अंतर कमी होते, पण शेजारी काहीतरी अनपेक्षित करील ही भीती त्यातून येत नाही.

बुद्धिबळात हा प्रश्न रीतीने सुटलेला आहे. हरणारा खेळाडू डाव सोडतो, हात मिळवतो आणि घरी जातो. मात होईपर्यंत कुणी बसून राहत नाही. ‘स्टेलारिस’मधला कम्प्युटर मात्र हात मिळवत नाही. उलट २०१८ च्या २.० या अपडेटनंतर युद्धात ‘युद्धथकवा’ मोजला जाऊ लागला आणि तो पूर्ण भरला की जैसे थे स्थितीवर तह लादला जाऊ शकतो. यातून लहान राज्यांना संरक्षण मिळाले, हे खरे. पण निकाल लागलेला डाव आवरता घेऊ पाहणाऱ्याला एकच शत्रू दोन-तीन हप्त्यांत जिंकावा लागू लागला.

कम्प्युटर धापा का टाकतो?

आतापर्यंतचा कंटाळा मनाचा होता, हा यंत्राचा आहे. डाव जसजसा पुढे जातो तसतसा गेम संथ होतो. इतर गेम जड झाले की चित्र अडखळते. इथे चित्र ठीक दिसते, पण दिवसच लांबतात. सर्वाधिक वेग निवडूनही सुरुवातीला भुर्रकन जाणारे वर्ष अखेरीस रेंगाळते. ज्या टप्प्यात पाहण्यासारखे सर्वात कमी असते, नेमका तोच टप्पा घड्याळात सर्वात जास्त वेळ खातो.

कारण गणिताचे आहे. या गेममध्ये लोकसंख्येचा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे मोजला जाई. त्याला ‘पॉप’ म्हणतात. प्रत्येक पॉपची प्रजाती, विचारसरणी, नोकरी, समाधान वेगळे. सुरुवातीला एका साम्राज्यात ते काही डझन असत. दोनशे वर्षांनी साऱ्या आकाशगंगेत मिळून काही हजार होत. कुठली नोकरी कुणाला शोभते, कुणी कुठे स्थलांतर करावे, कुणाला काढून कुणाला बसवावे, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. त्यात डझनभर साम्राज्यांचे निर्णय आणि शेकडो ताफ्यांनी शोधायचे मार्ग मिळवा.

हे काम प्रोसेसरच्या अनेक भागांत वाटून का टाकत नाहीत? काही वाटलेही जाते. पण बऱ्याच हिशेबांत एकाचे उत्तर आल्याशिवाय दुसरे सुरू करता येत नाही. त्यातच बहुखेळाडू डावात प्रत्येकाच्या कम्प्युटरवर तोच हिशेब तंतोतंत त्याच उत्तराला यावा लागतो. एका ठिकाणी जरा क्रम चुकला की डाव फुटतो. म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊन हा गेम वेगवान होईल अशी आशा धरू नये. इथे प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. साध्या लॅपटॉपवर खेळणाऱ्याला याचा फटका सर्वात आधी बसतो.

पॅराडॉक्सने हा प्रश्न नाकारला असे म्हणता येणार नाही. मात्र त्याचा प्रवास पाहिला तर एक खड्डा बुजवताना दुसरा खणला गेल्याचे दिसते. डिसेंबर २०१८ मधील २.२ ‘ले ग्विन’ या अपडेटने ग्रहांची जुनी चौकोनांची रचना काढून नोकऱ्या आणि विभागांची अर्थव्यवस्था आणली. ग्रह जिवंत वाटू लागले, खेळ खोल झाला आणि कम्प्युटर रडू लागले. २०१९ मध्ये गेम ६४ बिटवर नेण्यात आला, त्याने थोडा दिलासा मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये ३.० ‘डिक’ आले आणि कंपनीने मुळावरच घाव घातला. साम्राज्याची एकूण लोकसंख्या जितकी जास्त, तितका नवा पॉप जन्माला यायला वेळ अधिक, असा नियम केला. पॉप कमी झाले, गेम हलका झाला. पण राजधानीत गर्दी आहे म्हणून आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाच्या ओसाड वसाहतीत मुले कमी का जन्मावीत, याला उत्तर नव्हते. कम्प्युटरची अडचण सोडवण्यासाठी कथेतले तर्कशास्त्र मोडले होते आणि खेळाडूंना ते लगेच कळले. ओरड झाल्यावर हा नियम सौम्य करण्याची मुभा सेटिंगमध्ये देण्यात आली.

त्याच वर्षी ‘कस्टोडियन’ नावाची वेगळी टीम नेमली गेली. नवे पॅकेज न बनवता जुन्या गेमची डागडुजी करणे हे तिचे काम. गेमउद्योगात ही गोष्ट दुर्मीळ आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. बरेच जुने दोष या टीमने काढले.

सर्वात मोठी शस्त्रक्रिया मे २०२५ मध्ये झाली. ४.० ‘फीनिक्स’ या अपडेटने सुटे पॉप मोजणे बंद करून सारख्या पॉपचे गट केले. जुन्या एका पॉपच्या जागी नवे शंभर, पण हिशेब गटाचा. जनगणनेत माणूस मोजण्याऐवजी वस्ती मोजावी तसे. कागदावर हा उपाय बिनतोड होता. प्रत्यक्षात अपडेट कच्चे आले. त्रुटी होत्या, कम्प्युटरच्या हातातील साम्राज्यांना नवी अर्थव्यवस्था चालवता येत नव्हती आणि ज्या वेगासाठी हे सारे केले, त्याबद्दलच तक्रारी आल्या. पुढे एकामागून एक दुरुस्त्या सोडाव्या लागल्या. कल्पना योग्य असली तरी नऊ वर्षे चालत्या गाडीचे इंजिन बदलणे किती अवघड असते, ते यात दिसले.

महासंकटे तरी रंगत आणतात का?

उत्तरार्ध सपाट होणार हे पॅराडॉक्सच्या लक्षात पहिल्यापासून होते. त्यासाठीच ‘संकट’ ही कल्पना आली. अखेरपर्वात आकाशगंगेवर असे काही कोसळावे की, सगळ्यांचे हिशेब उलटेपालटे व्हावेत. प्रेथोरिन हे आकाशगंगेबाहेरून येणारे, ग्रह गिळणारे जैविक थवे. ‘अनबिडन’ हे दुसऱ्या मितीतून दार उघडून शिरणारे ऊर्जाजीव. ‘कंटिन्जन्सी’ ही युगानुयुगे झोपलेली यंत्रणा २०१७ मध्ये आली. ती जागी झाली की सेंद्रिय जीवन पुसून टाकायला निघते आणि खेळाडूच्या स्वतःच्या यंत्रमानवांनाही बिघडवते.

पहिल्यांदा हे घडते तेव्हा अंगावर काटा येतो. प्रश्न दुसऱ्या डावाचा आहे. प्रेथोरिनच्या जहाजांना ढाल नसते आणि ते क्षेपणास्त्रे व लहान विमानांवर भिस्त ठेवतात. अनबिडनला जाड ढाली असतात पण चिलखत नसते. हे एकदा कळले की संकट म्हणजे फक्त जहाजांची योग्य मांडणी. पेपर फुटलेला असतो. शिवाय संकट कधी येणार याचा अंदाज असल्याने खेळाडू पन्नास वर्षे आधीपासून त्याच एका परीक्षेची तयारी करत बसतो. तो काळ आणखीच कोरडा जातो.

आणि ताकदीचा मेळ बसत नाही. संकटाची शक्ती डाव सुरू करतानाच ठरवावी लागते, मूळ शक्तीच्या पाव पटीपासून पंचवीस पटीपर्यंत. दोनशे वर्षांनी आपण किती बलाढ्य असू, हे तेव्हा कसे सांगणार? कमी ठेवली तर अनेक दशके वाट पाहिलेले संकट चार लढायांत आटोपते. जास्त ठेवली तर इतकी वर्षे जोपासलेले साम्राज्य काहीही न करता येता चिरडले जाते. या दोन्हींच्या मधला अरुंद पट्टा ज्याला सापडतो त्याला अप्रतिम शेवट मिळतो, आणि असे डाव खेळाडू वर्षानुवर्षे आठवतात. पण तो पट्टा सापडणे बरेचसे नशिबावर आहे. सर्व संकटे एकामागून एक येतील असाही पर्याय नंतर मिळाला. त्याने धक्के वाढले, पण मांडणी तीच राहिली.

पण शेवट आहे तरी कुठे?

हा खरा प्रश्न आहे. गेम आला तेव्हा जिंकण्याचे मार्ग दोनच होते. इतर सर्व साम्राज्ये संपवणे किंवा वसाहतयोग्य ग्रहांपैकी ४० टक्के ताब्यात घेणे. दोन्हींत मोठा वाटा निकाल लागल्यानंतरच्या सफाईकामाचा. पुढे ठरावीक वर्षी गुण मोजून विजेता जाहीर करण्याची पद्धत आली. म्हणजे २४३० मध्ये संकट मोडून काढलेल्या खेळाडूने २५०० साल उजाडेपर्यंत काय करायचे? बरेचसे खेळाडू काहीच करत नाहीत, गेम बंद करतात. कसोटीत डाव घोषित करण्याची सोय नसती तर काय झाले असते, याची कल्पना यावरून करता येईल.

गंमत अशी की, याचे एक चांगले उत्तर १९९३ मध्येच सापडले होते. ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये ठरावीक वर्षांनी आकाशगंगेची परिषद भरे आणि दोन तृतीयांश मते मिळवणारा सम्राट ठरे. मतांची संख्या लोकसंख्येवर अवलंबून. म्हणजे जो स्पष्टपणे पुढे आहे त्याला शेवटचा ग्रह जिंकेपर्यंत लढावे लागत नसे. आणि परिषदेने दुसऱ्यालाच निवडले तर ते झुगारता येई, पण मग सारी आकाशगंगा अंगावर येई. एका मतदानात विजय, पराभव आणि अंतिम युद्ध असे तिन्ही शेवट मावत.

‘स्टेलारिस’मध्येही २०२० पासून आकाशगंगेची परिषद आहे. २०२१ च्या ‘नेमेसिस’ पॅकेजपासून तिथे संरक्षक म्हणून निवडून येता येते आणि पुढे ठराव करून सम्राटही होता येते. पण सम्राट झाल्यावरही गेम संपत नाही. कारभार चालूच. त्याच पॅकेजने उलटी वाटही दिली. खेळाडू स्वतःच संकट बनू शकतो, एक अजस्र यंत्र बांधून आकाशगंगेतील सारे तारे उद्ध्वस्त करू शकतो, आणि तिथे मात्र डाव ठोस संपतो. २०२४ च्या ‘द मशीन एज’मध्ये अशीच आणखी एक वाट आली, त्यात आपली प्रजाती घेऊन ही आकाशगंगा मागे सोडून जाता येते. थोडक्यात, ज्याला व्यवस्थित शेवट हवा त्याने खलनायक व्हावे किंवा निघून जावे. राज्य उभे करून ते नीट सांभाळणाऱ्यासाठी तशी तरतूद नाही.

याला व्यवसायाचीही बाजू आहे. नवे पॅकेज विकायचे तर नवी प्रजाती, नवा उगम, नवी सुरुवात दाखवणे सोपे. ते पहिल्या दहा मिनिटांत दिसते, जाहिरातीत मावते. डावाचा शेवट सुधारला तर तो पाहण्यासाठी खेळाडूला आधी कित्येक तास खेळावे लागते. शिवाय प्रत्येक नव्या पॅकेजने वाढवलेली साधने, चलने आणि सूचना उत्तरार्धातच सगळ्यात जास्त साचतात.

हा आजार एका ‘स्टेलारिस’चा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’चे फिरॅक्सिस या स्टुडिओने तीन युगांत तुकडे केले. बरेच खेळाडू डाव शेवटापर्यंत नेत नाहीत, हे त्यामागचे एक कारण निर्मात्यांनीच सांगितले होते. प्रत्येक युगाच्या सीमेवर आघाडीवरच्याची आघाडी काही अंशी पुसली जाते. त्यावर जुने चाहते नाराज झाले, कारण आपण उभारलेले राज्य आपल्याच डोळ्यांदेखत मोडलेले कुणाला आवडत नाही. आघाडी ठेवावी तर रंगत जाते, काढून घ्यावी तर कष्टाचे चीज होत नाही.

खेळाडू काय करतात?

स्वतःच कात्री लावतात. मुरलेले खेळाडू १००० ताऱ्यांच्या मोहात पडत नाहीत. ४०० किंवा ६०० ताऱ्यांवर भागवतात. वसाहतयोग्य ग्रहांचे प्रमाण कमी करतात, त्याने क्लिकही घटतात आणि हिशेबही. मध्यपर्व आणि अखेरपर्वाची वर्षे अलीकडे ओढतात, उदाहरणार्थ संकट २४०० ऐवजी २३५० मध्ये. प्रतिस्पर्ध्यांची सवलत काळाबरोबर वाढती ठेवतात. जिंकलेले ग्रह स्वतः न सांभाळता मांडलिक राज्ये करून सोडून देतात. खंडणी येते, कटकट येत नाही. २०२२ मधील ‘ओव्हरलॉर्ड’ या पॅकेजने मांडलिकांशी करायच्या करारांत बरीच लवचिकता आणली, त्यामुळे ही युक्ती अधिक उपयोगी झाली.

काही जण त्याहून पुढे जाऊन आपला शेवट आपणच ठरवतात. परिषदेचे नेतृत्व मिळाले की संपले. शेजारचा जुना वैरी नमला की संपले. सूर्याला वेढणारा डायसन गोल बांधून झाला की संपले. गेम तेव्हा विजयाची कोणतीही पाटी दाखवत नाही. खेळाडू डाव सेव्ह करतो, मुख्य मेनूवर येतो आणि ‘नवा गेम’ या बटणावर क्लिक करतो. पडद्यावर पुन्हा १ जानेवारी २२०० उजाडते.